तीन वर्षांत तट पडला, तर शिक्षा आम्हाला

दक्षिण कोरियातल्या ग्यॉंग्जू शहराला लागून नामसान नावाचा डोंगर आहे. इ. स. ५९१ मध्ये सिल्ला राज्याने या डोंगरावर नवा किल्ला बांधायला घेतला. गावोगावची माणसं बोलावली, तटाची लांबी मोजली, प्रत्येक गटाला आपापला तुकडा वाटून दिला आणि प्रत्येकाकडून शपथ घेऊन ती दगडावर कोरली. शपथ अशी, की हे बांधकाम तीन वर्षांच्या आत कोसळलं, तर आम्ही शिक्षेला पात्र आहोत.

असे दहा शिलालेख आजवर सापडले आहेत. पहिल्या शिलालेखातल्या गटाच्या वाट्याला आलेला तुकडा ११ बो, ३ चॉक आणि ८ चॉन लांबीचा होता. बो म्हणजे पाऊल. चॉक आणि चॉन ही साधारण आपल्या फूट-इंचांसारखी मापं. एवढ्या मोठ्या तटात इंचापर्यंत हिशेब! शिवाय कामावर कोण कोण होतं, तेही लिहिलेलं आहे. देखरेख करणारे अधिकारी, लेखनिक, दर्शनी दगड बसवणारा आणि फटींतले लहान दगड सांभाळणारासुद्धा. आज रस्त्याच्या कंत्राटात ‘दोष दायित्व कालावधी’ असतो, तोच विचार चौदाशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला पाहिला की त्या राज्यात तटाला केवढी किंमत होती ते कळतं.

प्राचीन कोरियाच्या लढायांबद्दल वाचायला घेतलं की नजर आधी तलवारींकडे वळते. त्या सुंदर आहेतच. पण राज्यं तगवली ती तटांनी. तलवारीकडे दुसरं काम होतं, त्याकडे पुढे येऊ.

चौथ्या ते सातव्या शतकात कोरियात तीन राज्यांची झुंज चालली होती. उत्तरेला गोगुर्यो, नैर्ऋत्येला बॅक्चे आणि आग्नेयेला सिल्ला. दक्षिणेला गाया नावाच्या लहान राज्यांचा संघही होता. तो सिल्लाने ५६२ मध्ये गिळला. या देशाची सुमारे ७० टक्के भूमी डोंगराळ आहे. त्यामुळे संरक्षणाची व्यवस्था जोडीने उभी राहिली. राजधानी किंवा वस्ती नदीकाठच्या सपाटीवर आणि जवळच्या डोंगरावर ‘सान्सॉंग’. सान म्हणजे डोंगर, सॉंग म्हणजे तट किंवा किल्ला. गोगुर्योची जुनी राजधानी गुंगने आणि तिच्या वरचा ह्वान्दो किल्ला ही अशीच जोडी. दोन्हींचे अवशेष आज चीनच्या हद्दीत आहेत.

डोंगरी किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उंच सुळका आणि माथ्यावरचा तट येतो. कोरियात तसेही किल्ले आहेत. पण मोठे किल्ले बहुधा एक अख्खी दरी कवेत घेतात. आकार सुपासारखा. तीन बाजूंना उंच धारा आणि चौथ्या, सखल बाजूला दरवाजा. तिथूनच ओढा बाहेर पडतो. यात मर्म आहे पाण्याचं. शिखरावर पाणी साठवून ठेवावं लागतं, दरीत ते आपोआप वाहत येतं. हजारो माणसं आणि गुरं महिनोन् महिने आत राहणार असतील, तर हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

लढायची पद्धतही या रचनेतून घडली. शत्रू येतोय असं कळलं की शेतातलं पीक काढायचं, उरलेलं जाळायचं आणि माणसं, धान्य, गुरं सगळं वर न्यायचं. शत्रूला मोकळं शिवार मिळतं, खायला दाणा मिळत नाही. किल्ल्याला वळसा घालून पुढे जावं, तर आतलं सैन्य मागून रसद तोडतं. म्हणून त्याला एकेका किल्ल्यापाशी थांबावंच लागतं, आणि तोवर थंडी येते.

या गणिताचा सर्वांत मोठा बळी ठरला चीनचा स्वेई घराण्याचा सम्राट यांग. ६१२ मध्ये त्याने गोगुर्योवर स्वारी केली. चिनी इतिहासग्रंथ सैन्याचा आकडा ११,३३,८०० देतात. तो फुगवलेला असला तरी फौज प्रचंड होती यात शंका नाही. ल्याओदोंगचा किल्ला पडेना, म्हणून ३,०५,००० सैनिकांची तुकडी थेट गोगुर्योच्या तेव्हाच्या राजधानीकडे, प्योंगयांगकडे धाडली गेली. प्रत्येकाच्या पाठीवर १०० दिवसांचं धान्य, चिलखत आणि हत्यारं. ओझं पेलण्यापलीकडचं होतं. धान्य टाकणाऱ्याचा शिरच्छेद होईल असा हुकूम निघाला, तेव्हा सैनिकांनी रात्री तंबूत खड्डे खणून धान्य पुरलं! अर्ध्या वाटेतच शिधा संपत आला. गोगुर्योचा सेनापती उल्जी मुन्दॉक मुद्दाम हरत हरत त्यांना आत ओढत राहिला. प्योंगयांगचा तट समोर दिसला तेव्हा हल्ला करायची ताकद उरली नव्हती. माघार घेताना साल्सू नदी ओलांडत असलेल्या फौजेवर गोगुर्योने झडप घातली. परत पोहोचले २,७००. मुन्दॉकने धरण बांधून पाणी अडवलं आणि ऐन वेळी सोडलं, अशी गोष्ट कोरियात घरोघरी सांगतात. जुन्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही, आणि खरं तर तिची गरजही नाही. त्या फौजेला पाण्याआधी भुकेनेच बुडवलं होतं.

आता प्रत्यक्ष भिंतीकडे येऊ, कारण मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवते ती हीच गोष्ट. गोगुर्योचे कारागीर दर्शनी दगड पाचरीसारखे घडवत. तोंड रुंद, शेपूट निमुळती. दोन शेपट्यांच्या मधे जी फट राहते, तिच्यात विणकराच्या धोट्यासारखा, दोन्हीकडे टोकदार दगड खुपसायचा. त्याच्या मागे पुन्हा तसेच. असा तट चुन्यावाचून एकमेकांत गुंतून उभा राहतो. बाहेरचे काही दगड निखळले तरी आतला गाभा भसकन खाली येत नाही. पायथ्याचे थर पायरीपायरीने थोडे थोडे आत घेतलेले असतात, त्यामुळे वजन मागच्या डोंगरावर रेलतं. आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही. कोरड्या रचाईच्या फटींतून पावसाचं पाणी झिरपून जातं. तटामागे पाणी तुंबलं तर ते भिंतीला बाहेर ढकलतं, आणि कोरियाच्या हिवाळ्यात गोठून फुगतं, तेव्हा दगड उचकटतं. फट ही इथे उणीव नाही, मुद्दाम ठेवलेली वाट आहे.

ठरावीक अंतरावर तटातून चौकोनी बुरूज पुढे काढलेले असत. त्यांना ‘ची’ म्हणतात. तटाच्या पायथ्याशी पोहोचलेल्या शत्रूवर दोन बाजूंनी बाण मारता यावेत, हा हेतू. दरवाजापुढे वळणदार आडभिंत घालत. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजामागेही हाच विचार आहे. सिल्लाच्या किल्ल्यांत तर काही दरवाजे जमिनीवर नसतच. तटात बऱ्याच उंचीवर चौकट ठेवायची आणि शिडी लावून आत जायचं. शिडी वर ओढली की दरवाजा संपला.

सिल्लाचाच ‘सामन्यॉन सान्सॉंग’ बोउन गावाजवळ उभा आहे. नावाचा अर्थ ‘तीन वर्षांचा डोंगरी किल्ला’. ४७० मध्ये तो पूर्ण झाला. बांधायला तीन वर्षं लागली म्हणून हे नाव पडलं, असं जुना इतिहास सांगतो. घेर सुमारे १.७ किलोमीटर, जाडी ८ ते १० मीटर आणि काही ठिकाणी उंची १३ मीटरच्या वर. आत भराव मातीचा नाही, सगळा चपट्या दगडांचा. एक थर आडवा, त्यावरचा उभा.

बॅक्चेने मात्र मातीत कमाल केली. आजच्या सोल शहरात, हन नदीच्या काठी पुंगनापचा मातीचा तट आहे. घेर सुमारे साडेतीन किलोमीटर, पायथ्याशी रुंदी ४० मीटरच्या पुढे. लाकडी फळ्यांच्या साच्यात मातीचा पातळ थर टाकायचा, चोपायचा, मग पुढचा. चोपल्याने मातीच्या कणांमधली हवा निघून जाते, कण एकमेकांत रुततात आणि थर दगडासारखा कडक होतो. पुंगनापच्या काही भागांत चिखलाच्या थरांमध्ये झाडांची पानं आणि साल पसरलेली सापडली. ओली माती दाबली की पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, ती वाट हे थर देतात. शिवाय त्यांचे तंतू मातीला घट्ट बांधून ठेवतात. रस्त्याच्या भरावात आज आपण कृत्रिम कापड अंथरतो, त्याचं काम नेमकं हेच. ही युक्ती पुढे जपानला पोहोचली. ६६० मध्ये बॅक्चे पडलं, ६६३ मध्ये ते परत उभं करायची लढाई हरली आणि तिथली जाणती माणसं समुद्रापलीकडे गेली. ६६४ मध्ये क्यूशू बेटावर बांधलेल्या मिझुकी या लांबलचक मातीच्या बांधातही पानाफांद्यांचे थर आहेत, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या डोंगरांवर कोरियन धर्तीचे किल्ले उठले.

मातीची आणखी एक गोष्ट ६४५ मधली. चीनच्या तांग घराण्याचा सम्राट ताइझोंग स्वतः गोगुर्योवर चालून आला. ल्याओदोंगचा किल्ला त्याने वाऱ्याची दिशा बघून पेटवला आणि घेतला. आन्सी या दुसऱ्या किल्ल्यापाशी मात्र अडला. त्याच्या सैन्याने तटाला भिडून मातीचा कृत्रिम डोंगर रचायला घेतला. ६० दिवस काम चाललं, एकूण पाच लाख मजूर-दिवस खर्ची पडले. वरून किल्ल्याच्या आत दिसायला लागलं. किल्लेकरीही रोज तट उंच करत होते आणि पडलेल्या भगदाडात लाकडी कुंपण ठोकत होते. मग तो डोंगर अचानक खचून तटावर आला आणि तट फुटला. हल्लेखोरांना हवं होतं तेच झालं होतं, पण त्या क्षणी तिथला अधिकारी जागेवर नव्हता. आतले काहीशे सैनिक भगदाडातून बाहेर पडले आणि त्यांनी शत्रूनेच रचलेला डोंगर ताब्यात घेतला! तीन दिवस झुंजूनही तो परत मिळाला नाही. गवत वाळलं, पाणी गोठायला लागलं, धान्य संपत आलं. ताइझोंग फिरला. जाताना त्याने आन्सीच्या किल्लेदाराला शौर्याबद्दल शंभर रेशमी तागे दिले. त्या किल्लेदाराचं नाव मात्र त्या काळच्या ग्रंथांत नाही; यांग मान्चुन हे नाव फार नंतर जोडलं गेलं.

मैदानात लढणारं सैन्य कसं दिसायचं, हे ३५७ सालच्या आनाक येथील थडग्यातल्या भित्तिचित्रात दिसतं. स्वार लोखंडी पट्ट्यांच्या चिलखतात आणि घोडाही डोक्यापासून मांडीपर्यंत झाकलेला. २००९ मध्ये ग्यॉंग्जूतल्या एका सिल्लाकालीन थडग्यात असं घोड्याचं चिलखत जवळजवळ पूर्ण सापडलं. शेकडो पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. त्या सोडवून पुन्हा जुळवायला दहा वर्षं लागली. अशा लढाईत खरी हत्यारं होती धनुष्य आणि लांब भाला.

मग तलवार? या काळातली तलवार सरळ, एकधारी आणि मुठीच्या टोकाला कडं असलेली. कोरियन भाषेत ‘ह्वान्दुदेदो’, म्हणजे कड्याची मोठी तलवार. साधी लोखंडी कडं सैनिकांच्या थडग्यांत मिळतात. राजांच्या आणि सरदारांच्या तलवारींत मात्र कड्याच्या आत सोन्याचा ड्रॅगन, फिनिक्स पक्षी किंवा तीन पानं असतात. १९७१ मध्ये बॅक्चेच्या मुर्यॉंग राजाचं न लुटलेलं थडगं उघडलं, तेव्हा त्याच्या कमरेपाशी ड्रॅगनच्या कड्याची तलवार होती. कडं पाहून माणसाचा दर्जा कळायचा, आणि अशा तलवारी राजे एकमेकांना आणि आपल्या मांडलिकांना भेट देत.

पातं घडवणं सोपं नव्हतंच. भट्टीतून निघालेल्या लोखंडाच्या गोळ्यात मळ अडकलेला असतो. तापवून, ठोकून, दुमडून पुन्हा ठोकलं की तो बाहेर पडतो. कोळशातला कार्बन थोडा मुरला की लोखंडाचं पोलाद होतं. मग धारेला पाणी द्यायचं, म्हणजे लालबुंद पातं झटक्यात थंड करायचं. धार कडक होते, पाठ लवचीक राहते. दक्षिणेकडच्या गायाच्या प्रदेशातलं लोखंड इतकं नावाजलेलं होतं की चिनी ग्रंथ म्हणतात, तिथे बाजारात ते पैशासारखं चालतं आणि जपानचे लोकही ते घ्यायला येतात.

जपानमधल्या तेन्री इथल्या इसोनोकामी देवस्थानात ‘चिल्जिदो’ आहे. मधल्या पात्याला दोन्हीकडे तीन-तीन फांद्या फुटलेली, ७५ सेंटिमीटरची बॅक्चेची तलवार. शंभर वेळा कमावलेल्या लोखंडातून ती घडवली, असं तिच्यावर सोन्याच्या तारेनं कोरलं आहे. ही अक्षरं गंजाखाली लपली होती. १८७० च्या दशकात देवस्थानाच्या मुख्य पुजाऱ्याने गंज खरवडला, तेव्हा ती दिसली. हिच्याने लढता येत नाही. ती बॅक्चेच्या दरबाराने जपानच्या राजाला पाठवलेलं पत्रच आहे, फक्त कागदाऐवजी पोलादावर लिहिलेलं.

नंतरच्या जोसॉन राजवटीच्या काळात (१३९२ पासून पुढे) पातं वक्र झालं, पण तलवारीचं हे बोलकं काम सुटलं नाही. १५९४ मध्ये नौसेनापती यी सुन-सिनसाठी दोन तलवारी घडवल्या गेल्या, प्रत्येकी जवळजवळ दोन मीटर लांब. त्या कमरेला लावायच्या नव्हत्याच. पात्यावर त्याची शपथ कोरलेली आहे.

१९२१ मध्ये ग्यॉंग्जूत सोन्याच्या मुकुटासह एक थडगं सापडलं होतं. त्यातली एक कड्याची तलवार नव्वदेक वर्षं संग्रहालयात होती. २०१३ मध्ये तिच्यावरचा गंज काढताना चार अक्षरं उमटली: ‘इसाजी राजा’. दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा उत्खनन झालं आणि म्यानाच्या तुकड्यावर ‘इसाजी राजाची तलवार’ असं कोरलेलं मिळालं. सिल्लाच्या राजांच्या यादीत हे नाव नाही. तो कोण, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. तिथून जवळच नामसानच्या तटाचे लहान दगड ज्याने बसवले, त्याचं मात्र गाव माहीत आहे, हुद्दा माहीत आहे आणि त्याच्या गटाने किती लांबीचा तट बांधला, तेही इंचापर्यंत माहीत आहे.