पापलेट वाचतं ते जाळ्याच्या आसात

पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे पापलेटचं बंदर. 2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याची किमान कायदेशीर लांबी ठरली 135 मिलिमीटर. नियम योग्यच आहे, पण पट्टी लागते ती बंदरावर, आणि तोवर मासा मेलेला असतो. खरा निवाडा समुद्रात, जाळ्याच्या आसाने, म्हणजे त्याच्या छिद्राच्या मापाने होतो.

कोळ्यांची डोल ही जाळ्याची नरसाळ्यासारखी लांब पिशवी. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना तिचं तोंड प्रवाहासमोर ताणून बांधतात आणि पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप आत जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोराची, म्हणून धंदा चांगला. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी असते, डोल नीट फुगत नाही. पाणी फिरण्याआधी जाळं उचलावं लागतं, नाहीतर ते उलटतं आणि मासळी निसटते. तोंडाकडचे आस मोठे असतात, पण शेवटच्या खोल्यात, म्हणजे मासळी साठते त्या टोकाच्या भागात, ते अगदी बारीक होतात, कारण तिथे जवळा, करंदी, बोंबील अडवायचे असतात. त्यांच्याबरोबर पापलेटची पिल्लंही अडकतात. आस वाढवले तर पिल्लं सुटतील, पण जवळाही जाईल आणि तो वाळवून विकणाऱ्या कोळणींची कमाई बुडेल. म्हणून डोलीच्या बाबतीत आसापेक्षा जागा आणि हंगाम यांवर बंधन घालणं मला जास्त न्याय्य वाटतं.

वागऱ्यासारख्या गळजाळ्याचं तसं नाही. पाण्यात ते पडद्यासारखं उभं राहतं. आसापेक्षा लहान मासा आरपार जातो, बेताचा मासा कल्ल्यांशी अडकतो. पापलेटचं अंग उंच आणि चपटं असल्यामुळे इथे आस थोडा जरी लहान केला, तरी कोवळा मासा अडकू लागतो.

ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटीच्या, खोल्याला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगितला आहे, तो वेगळ्या कारणासाठी. नेहमीचा शंकरपाळी आस ओढ बसली की मिटतो. मग कागदावर 40 असला तरी पिल्लांना वाट उरत नाही. चौकोनी आसाच्या दोऱ्या ओढीच्या दिशेनेच असतात, त्यामुळे तो उघडा राहतो. त्यावर बारीक जाळ्याचं अस्तर चढवलं, तर सगळं फुकट.

पश्चिम किनाऱ्यावरची 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची मासेमारीबंदी माशांच्या विणीला आधार देते. पूर्वी कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच होड्या लोटत, आणि ती पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते. बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवा, ही मच्छीमारांची मागणी त्यामुळेच रास्त आहे.