बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चुका कुठून येतात?

मॅथेमॅटिका, मेपल, मॅक्सिमा किंवा सेजसारख्या सॉफ्टवेअरने चुकीचं उत्तर दिलं की ‘प्रोग्रॅममध्ये बग असणार’ एवढ्यावर विषय मिटतो. तसे बग असतातही. पण यातल्या सर्वांत चिवट चुका हलगर्जीपणातून आलेल्या नाहीत. त्यांची मुळं १९६० च्या दशकातल्या काही निर्णयांत आणि खुद्द गणिताच्या मर्यादेत आहेत, म्हणूनच त्या इतकी वर्षं टिकून राहिल्या.

संगणक या क्षेत्रात आला तेव्हा त्याच्याकडे माणसांच्या चुका पकडण्याचंही काम आलं. शार्ल दलोने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने चंद्राच्या गतीचं अवाढव्य सूत्र हाताने मांडलं होतं. मांडायला दहा वर्षं, ताळा करायला आणखी दहा. ग्रंथाचे दोन खंड १८६० आणि १८६७ मध्ये निघाले. १९७० मध्ये देप्री, हेनरार्ड आणि रोम या तिघांनी तेच काम संगणकावर सुमारे २० तासांत केलं, तेव्हा दलोनेच्या हिशोबात तीनच चुका सापडल्या आणि त्यांतल्या दोन पहिलीमुळेच झालेल्या होत्या. माणसाच्या चिकाटीचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. छापील कोष्टकांची अवस्था मात्र वाईट होती. १९६८ मध्ये क्लेरर आणि ग्रॉसमन यांनी इंटिग्रलची आठ प्रचलित कोष्टकं संगणकाकडून तपासून घेतली, तर सुमारे १० टक्के सूत्रं चुकीची निघाली. अभियंते वर्षानुवर्षं त्यांच्यावर विसंबून होते.

याच काळात संगणक स्वतः इंटिग्रेशन शिकत होता. जेम्स स्लॅगल यांनी १९६१ मध्ये एमआयटीत ‘सेंट’ हा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखा तो एकेक युक्ती लावून बघे; ८६ पैकी ८४ गणितं त्याला सुटली. १९६७ मध्ये जोएल मोझेस यांचा ‘सिन’ आला, १९६८ पासून एमआयटीतच ‘मॅक्सिमा’चा पूर्वज ‘मॅकसिमा’ आकाराला येऊ लागला, आणि १९६९ च्या सुमारास रॉबर्ट रिश यांनी अंदाजाची गरजच काढून टाकली. एखाद्या फलनाचं इंटिग्रल नेहमीच्या फलनांत लिहिता येतं की नाही, हे ठरवण्याची पद्धत त्यांनी दिली.

पण १९६८ मध्येच डॅनियल रिचर्डसन यांनी एक अडचणीची गोष्ट सिद्ध केली होती. पाय, साइन, घातांकी फलन, निरपेक्ष मूल्य असे अगदी ओळखीचे घटक घेऊन राशी तयार केली, तर ती सर्वत्र शून्य आहे का, हे प्रत्येक वेळी ठरवू शकेल अशी कोणतीही कृती असू शकत नाही. वरवर हा निव्वळ तात्त्विक मुद्दा वाटतो. प्रत्यक्षात भागाकार करण्यापूर्वी छेद शून्य नाही ना, हे सॉफ्टवेअरला पावलोपावली बघावं लागतं आणि रिश यांची पद्धतही शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबते. मग सॉफ्टवेअर राशी सोपी करून पाहतं, काही किमती घालून पाहतं आणि पुढे जातं. शून्य ओळखता आलं नाही, तर शून्याने भागलं जातं आणि पुढचं सगळं उत्तर निकामी होतं. हा धोका कुठल्याच आवृत्तीत पुरता जाणार नाही.

दुसरं मूळ निवडीचं आहे. या सॉफ्टवेअरच्या गाभ्यात ‘क्ष’ म्हणजे एखादी संख्या नसते, ते नुसतं चिन्ह असतं. त्यामुळे क्ष भागिले क्ष म्हणजे बिनदिक्कत १. चिन्ह म्हणून हे बरोबरच आहे. क्ष शून्य असू शकतो, हे वापरणाऱ्याने लक्षात ठेवायचं. क्ष च्या न-व्या घाताचं इंटिग्रल मागितलं की बहुतेक सॉफ्टवेअर न अधिक १ ने भागून मोकळी होतात. न हा उणे १ असेल तर सूत्र कोसळतं आणि तिथे लॉगॅरिदम यायला हवा. मॅक्सिमा इथे थांबून ‘न उणे १ आहे का?’ असं विचारतं. हा प्रश्न अनेकांना त्रासदायक वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. क्ष वर्गाचं वर्गमूळ क्ष धरण्याची जुनी सवयही याच जातीची, कारण क्ष ऋण असेल तर ते चूक. डेव्हिड स्टाउटमायर यांनी १९९१ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’ या नियतकालिकात अशा दोषांवर कडक लेख लिहिला. ‘म्यूमॅथ’ आणि ‘डिराइव्ह’ ही अशीच सॉफ्टवेअर ज्यांनी घडवली त्यांच्यापैकीच ते एक, त्यामुळे ही घरच्याच माणसाने केलेली झाडाझडती होती.

या जातीची एक चूक जवळून बघण्यासारखी आहे. १ भागिले (२ अधिक कॉस क्ष) याचं ० ते २ पाय इंटिग्रल काढायचं आहे. कॉस क्ष ची जागा अर्ध्या कोनाच्या टॅनने घेतली, की पाठ्यपुस्तकातल्या रीतीने उत्तर येतं: २ भागिले √३, गुणिले आर्कटॅन (टॅन क्ष/२ भागिले √३). यात दोन्ही टोकं घाला. टॅन ० शून्य, टॅन पाय शून्य, म्हणजे उत्तर शून्य. पण मूळ राशी सगळीकडे धन आहे आणि कुठेही एक तृतीयांशाच्या खाली जात नाही, म्हणजे उत्तर निदान २.०९ तरी हवं. खरं उत्तर २ पाय भागिले √३, सुमारे ३.६३. मेख अशी की क्ष = पाय इथे सूत्र एकदम खाली उडी मारतं, आणि त्या उडीचा आकार बरोबर ३.६३ आहे. त्याहून वाईट म्हणजे नेहमीचा ताळा इथे उपयोगी पडत नाही. सूत्राचं विकलन, म्हणजे इंटिग्रेशनची उलट क्रिया, करा, मूळ राशी जशीच्या तशी परत मिळते. जेफ्री आणि रिच यांनी १९९४ मध्ये ही उडी टाळणारी रीत प्रसिद्ध केली, तोवर असलं उत्तर कोणाच्याही पदरी पडू शकत होतं.

निखळ बगही आहेतच. २०१४ मध्ये ड्युरान, पेरेझ आणि वारोना या स्पेनमधल्या तीन गणितज्ञांनी ‘नोटिसेस’मध्येच एक प्रकरण मांडलं. मेपल आणि मॅथेमॅटिका यांची उत्तरं जुळेनात, म्हणून ते खोलात शिरले. मोठमोठे पूर्णांक असलेल्या १४ बाय १४ मॅट्रिक्सचा डिटरमिनंट मॅथेमॅटिका चुकीचा काढत होतं. त्याच मॅट्रिक्सवर तीच आज्ञा पुन्हा दिली तर उत्तर बदलत होतं. पूर्णांकांच्या नेमक्या हिशोबात हे अक्षम्य आहे. सोर्स कोड बंद असल्यामुळे चूक नेमकी कुठे आहे हे त्यांना बघता येईना. २००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी सुरू केलेल्या सेजमागे हाच आग्रह होता की पुराव्यात वापरलेला कोड वाचता आला पाहिजे.

उलटही घडतं. डेव्हिड आणि जोनाथन बोरवाइन यांनी २००१ मध्ये साइन क्ष भागिले क्ष या धर्तीच्या गुणाकारांची इंटिग्रल प्रसिद्ध केली. क्षच्या जागी क्ष/३, क्ष/५ घेत एकेक गुणक वाढवत नेला तर उत्तर दर वेळी नेमकं पायचं निम्मं येतं, क्ष/१३ पर्यंत. क्ष/१५ आला की ते सुमारे ०.००००००००००२३ ने कमी भरतं. एका संशोधकाने हे पडताळलं तेव्हा त्याला सॉफ्टवेअरमध्येच बग असल्याची खात्री वाटली. सॉफ्टवेअर बरोबर होतं: १/३ पासून १/१३ पर्यंतची बेरीज १ च्या आत राहते, १/१५ मिळवला की ती १ ओलांडते, आणि तिथेच सूत्र बदलतं.

१९९८ मध्ये जॉन हॅरिसन आणि लोराँ तेरी यांनी कामाची वाटणी सुचवली: उत्तर मेपलने शोधायचं, पण मानायचं ते पुरावा तपासणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमने पारखल्यावरच. अवयव पाडण्यासारख्या कामात हे सोपं जातं, कारण गुणाकार करून बघितला की झालं. २०१४ मध्ये शिझाक, महबूबी आणि सहकाऱ्यांनी झीटा(३) ही संख्या (१ + १/८ + १/२७ + … ही अनंत बेरीज) अपरिमेय असल्याचा पुरावा ‘कॉक’ या पुरावे तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असाच तपासून घेतला. सॉफ्टवेअरने काढून दिलेली समीकरणं कॉकला तशीच चालली नाहीत. छेद कुठे शून्य होतो आणि समीकरण कोणत्या किमतींना लागू आहे, या अटी त्यांना प्रत्येक ठिकाणी स्वतः लिहाव्या लागल्या.