साच्यातल्या प्लास्टिकची अंतर्रचना आणि उष्णतेची वाट

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटयांपासून ठिबकच्या सुट्या भागांपर्यंत प्लास्टिकचे नाना प्रकार तयार होतात. त्यांपैकी साच्यात घडणाऱ्या वस्तूंची अंतर्रचना मोठी चमत्कारिक असते. वितळलेला दाणा दाबाने साच्यात शिरतो, तेव्हा त्यातील लांबलचक रेणुसाखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात. थंड भिंतीला टेकलेला बाहेरचा थर, म्हणजे साल, त्याच अवस्थेत गोठतो, तर गाभा सावकाश निवत असल्याने तिथल्या साखळ्यांना पुन्हा वेटोळी घालायला सवड मिळते. वस्तू कुठे तडकेल आणि कोणत्या बाजूला वाकेल, हे बऱ्याच अंशी या रचनेवर अवलंबून असते. वरून मात्र काहीच दिसत नाही.

उष्णतेला ती रचना कळते. साखळीतले अणू भक्कम बंधांनी जोडलेले असतात, शेजारच्या साखळ्यांमधले आकर्षण मात्र दुबळे, म्हणून उष्णता साखळीच्या लांबीवर अधिक सहज वाहते. नेहमीच्या पॉलिएथिलीनची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे अर्ध्या वॅटच्या आतबाहेर असते. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये अतिशय ताणलेल्या सूक्ष्म धाग्यात ती सुमारे १०४ वॅट मोजली, म्हणजे लोखंडाहूनही जास्त! साच्यातल्या वस्तूत एवढा फरक अर्थातच नसतो, पण मोजण्याजोगा असतो.

हे मोजण्याच्या १९६१ पासून रूढ असलेल्या पद्धतीत नमुन्याच्या एका पृष्ठावर प्रकाशाचा झोत क्षणभर टाकतात आणि दुसऱ्या पृष्ठाचे तापमान कमाल वाढीच्या निम्म्यावर यायला किती वेळ लागला, ते पाहतात. २ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकला साधारण ५ ते ६ सेकंद लागतात, आणि जाडी दुप्पट केली की वेळ चौपट होतो. यातून फक्त आरपार दिशेचा हिशेब लागतो, तोही साल आणि गाभा यांची सरमिसळ होऊन. त्यामुळे पातळ चकतीवर एकच ठिपका तापवून उष्णताचित्रक कॅमेऱ्याने डाग कसा पसरतो ते पाहणे मला अधिक बोलके वाटते: साखळ्या अस्ताव्यस्त असतील तर डाग गोल राहतो, एका दिशेने ताणलेल्या असतील तर लंबगोल होतो. त्या दिशेची उष्णतावाहकता दीडपट असली तरी डागाची लांबी रुंदीच्या जेमतेम सव्वापट भरते, म्हणून मोजमाप काटेकोर हवे.

स्फटिकांचे, म्हणजे साखळ्या नीट रचून बसलेल्या भागांचे, प्रमाण वाढले तरी वाहकता वाढते, पण ती सर्वच दिशांना. साखळ्या ताणल्या असतील तर एका दिशेला वाढते आणि आडवी घटते. म्हणून निदान दोन दिशांना मोजल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे. काचतंतू मिसळलेल्या मालात तर सालीतले तंतू बहुधा प्रवाहासोबत आणि गाभ्यातले त्याला आडवे असतात, तेव्हा एकेक थर तासून वेगळा मोजावा लागतो.