‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’: गेम कन्सोल आणि व्हिडिओ फाईलचं जुनं भांडण

पेनड्राइव्ह लावला, फाईल दिसली, बटण दाबलं आणि कन्सोलने हात वर केले. किंवा त्याहून वैताग म्हणजे चित्र हलतंय, आवाजाचा पत्ता नाही. बहुतेक जण फाईल खराब आहे असं समजून ती पुन्हा उतरवून घेतात. फाईल बिचारी ठणठणीत असते.

एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही नुसती डब्यांची नावं. आत चित्र एका कोडेकमध्ये, म्हणजे फाईल दाबून लहान करायच्या आणि पुन्हा उलगडायच्या पद्धतीत, दाबलेलं असतं, आवाज दुसऱ्या. डबा ओळखीचा असला तरी आतला माल ओळखीचा असेलच असं नाही. शिवाय बऱ्याच कोडेकसाठी आणि प्लेबॅकच्या तंत्रासाठी कंपनीला परवाना शुल्क मोजावं लागतं. माझ्या मते या भांडणात मशीनच्या ताकदीपेक्षा हा परवानाच जास्त वेळा आडवा आला.

सुरुवात डिस्कपासून झाली. २००० साली आलेला प्लेस्टेशन २ डीव्हीडी थेट चालवायचा. २००१ च्या एक्सबॉक्समध्ये डीव्हीडी ड्राइव्ह होता, पण सिनेमा पाहायचा तर रिमोटचा वेगळा किट विकत घ्या. परवान्याचा खर्च त्या किटमधून वसूल व्हायचा. निन्टेंडोने गेमक्यूबला ८ सेंटीमीटरच्या छोट्या डिस्क देऊन, म्हणजे नेहमीची डीव्हीडी आत जाणारच नाही असं करून, तो प्रश्नच टाळला.

मग फाईलींचं युग आलं, आणि प्रत्येक कंपनी आपापल्या फॉरमॅटला कुरवाळत बसली. सोनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल पीएसपी याचा कळस. मेमरी स्टिकवर ‘एमपी_रूट’ नावाचं फोल्डर, त्यात ठरावीक नावाचं आणखी एक, आणि त्यात एम४व्ही००००१ अशा साच्यातलं फाईलचं नाव. एक अक्षर चुकलं की व्हिडिओ दिसायचाच नाही. स्क्रीन ४८० बाय २७२ ची, पण सुरुवातीला आपल्या एमपी४ फाईलला मर्यादा ३२० बाय २४० एवढ्याच पिक्सेलची! हे नियम फर्मवेअरच्या, म्हणजे कन्सोलच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून हळूहळू सैल झाले.

एक्सबॉक्स ३६० २००५ मध्ये आला तेव्हा व्हिडिओच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टच्याच डब्ल्यूएमव्ही या फॉरमॅटवर उभा होता. लोकांकडे मात्र डिव्हएक्स आणि एक्सव्हिड या कोडेकच्या एव्हीआय फाईलींचे ढीग होते. गंमत अशी की एव्हीआय हा डबा १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच आणला होता, आणि डिव्हएक्सची पहिली आवृत्ती तर मायक्रोसॉफ्टच्याच कोडेकमध्ये फेरफार करून बनलेली. २००७ च्या मे महिन्यात एच.२६४ हा चित्राचा कोडेक मिळाला, पण आवाज एएसी या कोडेकमध्ये आणि दोनच चॅनलचा हवा या अटीवर. डिव्हएक्स-एक्सव्हिडला वर्षअखेरपर्यंत थांबावं लागलं. त्याच डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ नेही २.१० या फर्मवेअरमधून डिव्हएक्स स्वीकारलं.

एमकेव्ही मात्र या पिढीत दोन्हीकडे बाहेरच राहिलं. त्यात प्लेस्टेशन ३ ला पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या साठवण-पद्धतीत फॉरमॅट केलेलाच लागायचा, म्हणजे ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर मावतच नाही. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर मीडिया सर्व्हर चालवून, फाईल जागच्या जागी रूपांतरित करत नेटवर्कवरून कन्सोलला पाठवण्याची पद्धत रुजली. कॉम्प्युटर तापायचा, पुढे-मागे सरकवलं की अडखळायचं, पण काम भागायचं.

पुढची पिढी आली आणि आधी मागेच गेली. २०१३ चा प्लेस्टेशन ४ पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ चालवतच नव्हता. मीडिया प्लेअर आला जून २०१५ मध्ये, एमकेव्हीसकट. एक्सबॉक्स वनवर एमकेव्ही २०१४ मध्येच पोचलं होतं. एवढं जमेपर्यंत माल बदलला. एचईव्हीसी हे व्हिडिओ दाबायचं नवं मानक २०१३ चंच. २०१७ पासून आयफोन त्यात चित्रीकरण करू लागले. प्लेस्टेशन ४ च्या प्लेअरला ते उलगडता येत नाही, त्यामुळे फोनवरून थेट आणलेली क्लिप लावायची तर पुन्हा कन्व्हर्टर शोधणं आलं.