गूगल सर्चमधून आपला मोबाइल नंबर आणि पत्ता काढण्यासाठी अर्ज: पात्रता, तयारी आणि पुढची पावले

समाजाच्या मंडळाची वधू-वर सूची, सोसायटीच्या सभासदांची यादी, माजी विद्यार्थ्यांची डिरेक्टरी. अशा पीडीएफ एकदा संकेतस्थळावर चढल्या की कुणी उतरवत नाही. लग्न होऊन संसार सुरू झाला तरी मुलीच्या नंबरवर अनोळखी फोन येत राहतात, ते बऱ्याचदा यामुळेच. एप्रिल २०२२ पासून गूगल फोन नंबर, ईमेल आणि घरचा पत्ता दाखवणारे निकाल सर्चमधून काढण्याचे अर्ज स्वीकारते. शुल्क काही नाही, त्यामुळे हे काम पैसे घेऊन करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

अर्ज ज्याची माहिती आहे त्याने स्वतः किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने करावा. सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदी आणि बातम्या मात्र सहसा काढल्या जात नाहीत. जिल्हा परिषदेच्या भरतीची यादी असेल, तर आधी त्या कार्यालयाकडेच लेखी मागणी करा.

खरी मेहनत तयारीत आहे. आपला नंबर अवतरण चिन्हांत घालून शोधा: सलग दहा आकडी, पाच आकड्यांनंतर जागा सोडून, पुढे ० किंवा +९१ लावून, आणि देवनागरी अंकांतही. नाव मराठीत व इंग्रजीत, गावासह शोधा. जिथे माहिती दिसेल त्या प्रत्येक पानाची लिंक, सर्च निकालाच्या पानाची लिंक, शोधलेले शब्द आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये आपली नोंद स्पष्ट दिसू द्या, इतरांचे नंबर झाका. आधार किंवा पॅनची प्रत जोडायची गरज नाही.

निकालाशेजारच्या तीन टिंबांवर टिचकी मारून निकाल काढण्याचा पर्याय निवडा, किंवा गूगलच्या मदत पानावरचा वैयक्तिक माहिती काढण्याचा फॉर्म भरा. सर्वांत जास्त चुका लिंकमध्ये होतात. संकेतस्थळाचे मुखपृष्ठ देऊन भागत नाही, नेमक्या पानाची किंवा पीडीएफचीच लिंक हवी. पोच ईमेलने येते. अपुऱ्या माहितीमुळे अर्ज नाकारला गेला, तर पुरवणी तपशील जोडून पुन्हा करता येतो.

मंजुरी दोन प्रकारची असते. कधी ते पान कोणत्याही शोधात दिसेनासे होते. कधी, म्हणजे पानावर इतरांच्या उपयोगाचा मजकूरही असेल तेव्हा, फक्त आपल्या नावाने शोधल्यावर दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात नंबर टाकून शोधणाऱ्याला ते पान सापडू शकते. शिवाय मूळ फाईल जागेवरच असते, म्हणून संकेतस्थळ चालवणाऱ्यांना फाईलची लिंक, पान क्रमांक आणि नेमकी ओळ कळवून ती काढायला सांगणे टाळू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि हा हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतो. तोवर स्पष्ट, सभ्य विनंतीच अधिक उपयोगी पडते.

मूळ पान बदलले तरी सर्चमध्ये जुनाच मजकूर दिसत असेल, तर गूगलचे कालबाह्य मजकूर ताजा करण्याचे वेगळे साधन वापरा. पान अजून सुरू असल्यास तिथे असा एक शब्द द्यावा लागतो, जो आधी पानावर होता आणि आता नाही. पानावर आडनाव उरलेले असताना लोक तेच लिहितात आणि विनंती फेटाळली जाते. काढलेला नंबर लिहा.

ट्रूकॉलरचे काम स्वतंत्र आहे. ॲप वापरत असाल तर आधी त्यातले खाते निष्क्रिय करा, मगच त्यांच्या अनलिस्टिंग (यादीतून नंबर काढण्याच्या) पानावर +९१ सह नंबर द्या. पुन्हा ॲप सुरू केले तर नंबर परत यादीत येऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनसाठीही वेगळा अर्ज करावा लागतो, गूगलच्या मंजुरीचा तिथे काही परिणाम होत नाही.