शेवट ठाऊक असलेली कादंबरी

रेल्वेमुळे अमेरिकेतला मध्यमवर्ग उन्हाळ्यात समुद्रकाठी जाऊ लागला आणि प्रकाशकांनी खास त्या दिवसांसाठी हलक्याफुलक्या कादंबऱ्या काढायला सुरुवात केली. नाकं मुरडणारेही लगेच आले. शिकलीसवरली माणसं बाकीच्या दहा महिन्यांत मिळून वाचत नाहीत इतका कचरा जुलै-ऑगस्टमध्ये वाचतात, असं ब्रुकलिनचे धर्मोपदेशक टॅलमेज १८७६ मध्येच म्हणाले होते. आज या प्रकाराची राणी म्हणून एलिन हिल्डरब्रँड यांचं नाव घेतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॅनटकेट बेटावर त्यांनी २००० ते २०२४ या काळात एकामागून एक कादंबऱ्या रचल्या. हॉटेल, लग्न, जुनं प्रेमप्रकरण, एखादं गुपित, भरपूर खाणंपिणं. चार पुस्तकं वाचली की पाचव्याचा शेवट साधारण कळतोच. तरी वाचक पाचवं घेतातच.

यामागे एक कारण मेंदूच्या कामाचं आहे. गोष्ट वाचताना आपण मनात एक जग उभारतो: जागा कुठली, कोण कोणाचं कोण, कुणाला काय हवंय. मॉर्टन अॅन गर्न्सबाकर या मानसशास्त्रज्ञ याला पाया घालणं म्हणतात. प्रसंगाच्या सुरुवातीची वाक्यं वाचायला जास्त वेळ लागतो, कारण तेव्हा हा पाया पडत असतो. आवडत्या लेखकाच्या नव्या पुस्तकात तो बराचसा आधीच पडलेला असतो. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांच्या वाचकाला झुंझार कोण हे कुठे सांगावं लागायचं!

पण सगळं ठाऊक असलं तर मजा जात नाही का? कॅलिफोर्नियात लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला. त्यांना कथा कमी नाही, उलट थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही दिसलं, त्यामुळे मित्राला शेवट सांगायचा परवाना मिळाला असं समजू नये.

मला सगळ्यात पटतं ते दक्षिण आफ्रिकेच्या व्हिक्टर नेल यांचं काम. १९८८ च्या त्यांच्या पुस्तकात ते आलं आहे. मौजेखातर भरपूर वाचणारी माणसं त्यांनी प्रयोगशाळेत बसवली, त्यांच्याच पसंतीचं पुस्तक हातात दिलं आणि अंगाला तारा जोडल्या. स्नायूंचा ताण, श्वास, हृदयाचे ठोके, त्वचेतले सूक्ष्म विद्युत बदल, सगळं मोजलं. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा वाचणाऱ्याचं शरीर जास्त जागं होतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र तो निवांत लोळलेला दिसतो! पुस्तक मिटल्यावर ही उत्तेजना झपकन उतरली. वाचून ‘हलकं’ वाटतं म्हणतात, त्याचा निदान काही भाग या उताराचा असावा, असं मला वाटतं. आणखी एक गंमत म्हणजे, सर्वांत आवडलेली पानं वाचकांनी भराभर उलटली नव्हती. तिथे वेग चक्क मंदावला होता. म्हणजे एका बैठकीत फडशा पाडणारासुद्धा मधेमधे रेंगाळतो.

अशा वाचनानं बुद्धी बोथट होते हा टॅलमेजछाप आरोप अजून आहेच. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१३ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधानुसार, अभिजात ललित साहित्याचा थोडासा उतारा वाचला तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं सुधारतं, लोकप्रिय कादंबरीनं नाही. प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या इतर गटांना मात्र तो परिणाम सापडला नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या रेमंड मार यांच्या गटाला वेगळंच दिसलं: माणसांचे भाव अचूक ओळखण्याशी सर्वांत ठळक नातं निघालं ते प्रेमकथा वाचण्याचं. अर्थात त्यांनी मोजलं ते फक्त नातं. प्रेमकथा वाचून नजर तयार होते, की मुळातच माणसांत रस असलेली मंडळी प्रेमकथा उचलतात, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.