नमुना, वैधता आणि नीती (मानसशास्त्रीय संशोधन)

ज्या लोकांविषयी विधान करायचे ते सगळे मिळून समष्टी होते. त्यांपैकी ज्यांना प्रत्यक्ष विचारले तो नमुना. विचारून जे मोजले ते खरोखर तेच आहे का, हा वैधतेचा प्रश्न. काही पाठ्यपुस्तके तिला सप्रमाणता किंवा यथार्थता म्हणतात. आणि मुळात विचारण्याचा आपल्याला कितपत अधिकार, हा नीतीचा प्रश्न. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात ही तीन वेगळी प्रकरणे असतात, परीक्षेतही तीन वेगळे प्रश्न येतात. प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडताना मात्र ती वेगळी राहत नाहीत. नमुना घेताना झालेली चूक बहुधा तिन्हींना एकदम भोवते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या कामगारांच्या सोलापुरात हे लवकर ध्यानात येते.

किती माणसांचा नमुना पुरे, ही चर्चा आपल्याकडे हमखास ३८४ या आकड्यापासून सुरू होते. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी आणि होकार-नकाराचे प्रमाण निम्मे-निम्मे धरले, की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५, म्हणजे ३८४.१६. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ भरली. ती दुप्पट असती तरी आकडा जवळपास हाच राहिला असता. गणित चोख आहे. पण समष्टीतल्या प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी होती, असे ते धरून चालते. कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेल्या ३८४ मुलांकडून फॉर्म भरून घेतले की तो आधारच जातो आणि आकडा शोभेपुरता उरतो. नमुना मोठा असल्यानेही हे दुरुस्त होत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाकडे २० लाखांहून अधिक मतकार्डे परत आली आणि त्यांवरून त्याने राष्ट्राध्यक्षपदी लँडन निवडून येणार असे जाहीर केले. निवडून आले रूझवेल्ट, तेही प्रचंड मतांनी. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि ज्यांनी कार्ड परत पाठवलेच नाही त्यांचा कल वेगळा होता.

वर्गातल्या विद्यार्थ्यांवर भागवणे ही जगभरची खोड आहे. हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये लक्ष वेधले, की नामांकित मानसशास्त्रीय नियतकालिकांतल्या अभ्यासांचे ९६ टक्के सहभागी जगातली जेमतेम १२ टक्के लोकसंख्या असलेल्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. गंमत अशी, की हा लेख उद्धृत करणारे आपल्याकडचे प्रबंधही पुष्कळदा एम. ए. च्या वर्गातूनच नमुना उचलतात.

यादी कोणती घेतली यावरही बरेच ठरते. शहर म्हणजे महापालिकेची हद्द असे धरले, की विडी कामगारांच्या फार मोठ्या वसाहती निसटतात. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत आणि तिथेच उभे राहिलेले रे नगर, ज्यातली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली, दक्षिण सोलापूर तालुक्यात येतात. कामाने, बाजाराने आणि बोलीने मात्र ते सोलापूरच. मातृभाषेनुसार थर पाडून प्रत्येक थरातून माणसे घेणारा स्तरित नमुना इथे उपयोगी पडतो. गल्ल्या किंवा चाळी निवडून घेतलेला समूह नमुना पायपीट वाचवतो, पण एका चाळीतली माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून त्यात संख्या वाढवावी लागते. ३८४ वर भागत नाही. ओळखीतून ओळख काढत जाणाऱ्याला हिमगोल नमुना म्हणतात. नाव बर्फाच्या मुलखातले, रीत आपल्या पाहुण्यारावळ्यांची.

आता एक उदाहरण जवळून पाहू. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या स्त्रियांवरचा ताण मोजायचा आहे. सोपी वाट म्हणजे कारखान्याच्या ब्रँचवर जाणे. विड्या द्यायला आणि पान-तंबाखू न्यायला बायका तिथे येतातच. विड्या मोजून घेणारा माणूस म्हणतो, ‘ओ मावशी, हे कॉलेजचे आलेत, जरा फॉर्म भरून द्या की.’ मावशी भरतात. त्या दिवशी अंथरुणाला खिळलेली, मुलीच्या हाती विड्या पाठवणारी बाई नमुन्यात आलीच नाही, आणि ताण कदाचित तिलाच जास्त होता. जी आली, तिच्या किती विड्या छाटात, म्हणजे नापास, काढायच्या हे ठरवणारा शेजारी उभा होता. कामावरची वागणूक कशी, याला तिने ‘चांगली’ म्हटले. मोजला गेला तो ताण नव्हता, धाक होता. तिची संमतीही नावापुरती, कारण नाही म्हटले तर काय होईल याचा तिला अंदाज होता. फॉर्मवर सही आहे, विश्वसनीयता दाखवणारा आकडा, क्रॉनबाखचा अल्फा, ०.८ च्या वर आहे. अल्फा फक्त इतकेच सांगतो, की प्रश्नावलीतली उत्तरे एकमेकांच्या जोडीने वर-खाली होतात. ती धाकामुळे तशी झाली तरी तो वाढतोच. विश्वसनीयता म्हणजे वैधता नव्हे, हे वाक्य पाठ असणाऱ्यांनाही निष्कर्ष लिहिताना त्याचा विसर पडतो.

घरी गेले तर उत्तरे बरी मिळतात, पण हिशेब बदलतो. मजुरी हजार विड्यांमागे असते. मांडीवर सूप ठेवून ती बोलेल. सूप खाली ठेवायला लावणारी तासाभराची प्रश्नावली तिच्या मजुरीतून वजा होते. ही भरपाई द्यावी, मात्र तेवढ्यासाठीच हो म्हणावे लागेल इतकी नसावी.

‘ताण’, ‘बुद्धी’, ‘समाधान’ यांना हात लावून पाहता येत नाही, म्हणून चाचणीचा त्या कल्पनेशी असलेला संबंध वेगवेगळ्या पुराव्यांनी जोडत जावा लागतो. क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये हा विचार संकल्पना-वैधता म्हणून मांडला. त्याआधी दोन दशके व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतताना भाषांतर पुरेसे नाही, प्रश्नही बदलावे लागतात, हे करून दाखवले होते. आज उलट-भाषांतराची पद्धत रूढ आहे: एकाने मराठीत आणायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता परत न्यायचे, मग दोन्ही ताडायचे. पण शब्द जुळले म्हणून अर्थ जुळतोच असे नाही. आंध्र-तेलंगणात बेतलेली तेलुगू प्रश्नावली इथल्या पद्मशाली (तेलुगूभाषिक विणकर समाजाच्या) घरात वाचून दाखवली तर परकी वाटते. इथल्या तेलुगूत मराठी मुरलेली आहे. नैराश्याच्या प्रश्नावलीत ‘गेल्या दोन आठवड्यांत थकवा जाणवला का’ असे असते. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा ‘रोजच’ म्हणणार. त्यात नैराश्य किती आणि माग किती, हे तो प्रश्न सांगू शकत नाही.

सोलापुरी ‘होय की’चाही हिशेब ठेवावा लागतो. ‘मी माझ्या कामावर समाधानी आहे.’ ‘होय की.’ पाच प्रश्न सोडून: ‘हे काम सोडून द्यावेसे वाटते.’ ‘होय की.’ हा खोटेपणा नाही, घरी आलेल्या माणसाशी राखलेली रीत आहे. म्हणून उलट दिशेची विधाने घालतात, आणि दोन्हींना होकार आला की त्या कागदाकडे पुन्हा पाहतात.

कारण आणि परिणाम यांचा संबंध खरा आहे का, ही अंतर्गत वैधता. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, चिडचिड मोजली. सहा आठवडे प्राणायाम शिकवला. जुलैत पुन्हा मोजली आणि ती घटली. प्राणायामाने घटली की पावसाने? ज्यांना काहीच शिकवले नाही असा दुसरा गट त्याच दोन महिन्यांत मोजल्याशिवाय उत्तर नाही. निष्कर्ष इतरत्र लागू पडणे ही बाह्य वैधता. ती नमुन्यावर बरीच अवलंबून असते.

नीतीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो: १९३२ ते १९७२ चालू राहिलेला टस्किगीचा अभ्यास, ज्यात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवले; आज्ञेवरून दुसऱ्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) धक्के द्यायला सांगितलेले मिलग्रॅमचे ४० पुरुष, ज्यांतले २६ जण ४५० व्होल्टच्या खुणेपर्यंत गेले; विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी केलेला, सहा दिवसांत गुंडाळावा लागलेला १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंग. भारतात आज आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आधाराला आहेत. त्यांनुसार सात ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. मुलाचा होकार बारा वर्षांपर्यंत तोंडी, पुढे लेखी. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदार हवा. तो ब्रँचवरचा माणूस असून चालत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तर मनोरुग्णाची साधी मुलाखत घ्यायलाही मुक्त आणि माहितीपूर्ण संमती मागतो.

नाव गाळले म्हणजे ओळख लपली, हा मोठा गैरसमज. ‘अमुक पेठेत बालवाडी चालवणारी, ४५ वर्षांची कन्नडभाषिक विधवा’ एवढे छापले, तर पेठेत नाव सांगायला कोणी लागत नाही. निनावीपणा (उत्तर कोणाचे हे संशोधकालाही ठाऊक नसणे) आणि गोपनीयता (ठाऊक असूनही बाहेर न सांगणे) यांतला फरक इथे कामाचा ठरतो. प्रश्नावलीत ‘जीव द्यावासा वाटतो का’ असा प्रश्न असेल आणि फॉर्म पूर्ण निनावी असतील, तर महिन्याने एक्सेल भरताना दिसलेल्या ‘होय’पाशी परत जायला वाट नसते. म्हणून असे फॉर्म कोड क्रमांकाने भरून घेतात, नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवतात, कोणत्या उत्तराला गोपनीयता मोडावी लागेल हे संमतीपत्रातच सांगतात, आणि तो एक प्रश्न त्याच घरात, उठण्यापूर्वी तपासतात. सोबत जवळच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचा पत्ता आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. ती सगळ्यांनाच देतात, म्हणजे कोणाच्या हाती चिठ्ठी आहे यावरून शेजारणीला काही कळत नाही.